वरून विस्तव, खालून विस्तव : पालघर-तारापूर पट्टीतील थरांच्या भाजलेल्या पदार्थांचा इतिहास

गव्हाच्या पिठाच्या पातळ व रुंद पट्ट्या, त्यांच्यामध्ये भाजीचे किंवा खिम्याचे सारण, दुधाचा दाट पांढरा सॉस आणि किसलेले चीज असे थर एकावर एक रचून ते बंद भट्टीत भाजले की जो इटालियन पदार्थ तयार होतो, त्याला लझानिया म्हणतात. पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्टीतील शहरी घरांत तो अलीकडच्या काळात सुटीच्या दिवशीच्या किंवा वाढदिवसाच्या जेवणात दिसू लागला आहे, आणि त्याच्यामागोमाग तो हलका करण्याची, म्हणजे त्यातील लोणी, चीज व मैदा कमी करण्याची खटपटही सुरू झाली आहे. वरवर पाहता ही संपूर्णपणे आजची आणि बाहेरून आलेली गोष्ट वाटते. परंतु थर रचणे, ते खालून व वरून उष्णता देऊन शिजवणे आणि तसे करताना पदार्थ कोरडा पडू न देणे या तिन्ही क्रिया या किनाऱ्यावर फार पूर्वीपासून चालत आल्या आहेत. लझानियाचा आणि इथल्या पदार्थांचा वंश एक नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. तरीही त्यांच्यापुढची अडचण एकच होती आणि ती सोडवण्याच्या दोन वेगळ्या रीती दोन वेगळ्या धान्यांच्या प्रदेशांत घडल्या. गव्हाच्या प्रदेशात थर म्हणजे पोळी ठरली आणि भाताच्या प्रदेशात थर म्हणजे पान ठरले. हलक्या लझानियाचा अर्थ या भेदाच्या आधारे अधिक नीट लागतो.

भाजणे या शब्दाची व्याप्ती

मराठीत भाकरी तव्यावर भाजतात, वांगे निखाऱ्यावर भाजतात, शेंगदाणे कढईत भाजतात आणि पावही भट्टीत भाजतात. चार वेगवेगळ्या तऱ्हेने दिलेल्या उष्णतेला एकच क्रियापद पुरते, आणि बंद भट्टीतल्या भाजण्यासाठी वेगळा शब्द लागला तेव्हा घराघरांत ‘बेक करणे’ हाच प्रयोग रूढ झाला. उलट पाण्याच्या व वाफेच्या क्रियांसाठी भाषेकडे उकडणे, वाफवणे, शिजवणे, रटरटणे, मुरवणे असे बारकावे आहेत. यामागचे कारण घरातील चुलीच्या रचनेत सापडते. चूल आणि शेगडी या दोन्हींत जाळ खालून लागतो. त्यामुळे भांड्याच्या तळाशी असलेला भाग करपण्याची आणि वरचा भाग कच्चा राहण्याची शक्यता असते. भाकरी उलटता येते, म्हणून तिला एका बाजूचा जाळ पुरतो. पण दोन-तीन बोटे जाडीचा, थरांचा किंवा दाट सारणाचा पदार्थ उलटता येत नाही आणि त्याला वरूनही उष्णता द्यावी लागते.

या गरजेतून ‘खाली-वर विस्तव’ ही पद्धत निर्माण झाली. जाड बुडाच्या भांड्यात पदार्थ घालायचा, त्यावर खोलगट किंवा सपाट झाकण ठेवायचे, खाली जाळ ओढून घेऊन मंद निखारा ठेवायचा आणि झाकणावर दुसरे निखारे पसरायचे, अशी ती रीत होती. भांड्याची बंद पोकळी हीच त्या काळची भट्टी होती. निखारा खाली किती आणि वर किती, हे पदार्थाच्या जाडीवरून ठरत असे. वरचा भाग लालसर व खमंग व्हावा यासाठी शेवटी झाकणावरचे निखारे वाढवत आणि खालचे काढून घेत. आजच्या विद्युत भट्टीत वरची व खालची अशा दोन सळ्या स्वतंत्रपणे चालवण्याची जी सोय असते, तिच्यामागचे तत्त्व हेच आहे. केवळ चिमट्याचे काम तिथे बटण करते.

या पद्धतीचे सर्वांत नेमके उदाहरण म्हणजे पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकातील भानोले. बेसन, कांदा, हिरवी मिरची, मसाला आणि भरपूर तेल यांत कोलंबी किंवा बारीक चिरलेला कोबी कालवून ते मिश्रण भांड्यात पसरतात, दोन्हीकडून विस्तव देऊन भाजतात आणि निवल्यावर वड्या कापतात. पाठारे प्रभूंची वस्ती आज मुख्यतः मुंबईत असली, तरी त्यांच्या आणि वाडवळ समाजाच्या परंपरागत इतिहासाची मुळे पालघरच्या किनाऱ्याशी सांगितली जातात. राजा बिंब आणि त्याच्याबरोबर आलेली कुळे यांची हकिगत देणाऱ्या ‘महिकावतीच्या बखरी’तील महिकावती म्हणजे पालघरजवळचे केळवे-माहीम होय, आणि ही बखर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. बखरीतील वंशावळी आणि तिथी यांवर संशोधकांनी अनेक आक्षेप घेतले आहेत. परंतु माहीम हे या पट्टीतील एक जुने राजकीय व व्यापारी केंद्र होते याविषयी वाद नाही, आणि एकोणिसाव्या शतकात आजचा पालघर तालुका माहीम याच नावाने ओळखला जात असे.

भानोल्याची कृती लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. बंद पोकळीतील कोरडी उष्णता पदार्थातील पाणी उडवते. ते उडून पदार्थ वाळू नये म्हणून पिठाच्या कणांभोवती तेलाचे आवरण दिलेले असते. म्हणजे येथे ओलावा राखण्याचे काम तेलाकडे आहे आणि त्यामुळेच हा पदार्थ खमंग असला तरी जड आहे. जुने ते हलके आणि नवे ते जड अशी समजूत करून घेणाऱ्यांना भानोले हे पुरेसे उत्तर आहे.

पानाचा थर

ओलावा राखण्याची दुसरी रीत पानाची आहे. तांदळाच्या पिठात गूळ, किसलेली काकडी किंवा कुस्करलेले पिकलेले केळे घालून केलेले सैल पीठ केळीच्या किंवा हळदीच्या पानावर थापायचे, त्यावर दुसरे पान झाकायचे आणि ती जोडी तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकायची, या पदार्थाला पानगी म्हणतात. पालघरच्या अनेक गावांत त्याला पानमोडी हे नाव आहे. पान जळते पण आतले पीठ जळत नाही, कारण पानातील पाण्याची वाफ होईपर्यंत आतील उष्णता पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारशी वर जात नाही. पीठ वाफेवर शिजते, पान करपू लागले की त्याचा धुरकट सुगंध आत उतरतो, आणि तेलाचा थेंबही न लागता पदार्थ मऊ राहतो. पान येथे भांडे आहे, झाकण आहे आणि ओलाव्याचा साठाही आहे.

पान लागण्याचे आणखी एक कारण तांदळात दडलेले आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले असता त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेन नावाचे चिवट व लवचीक जाळे तयार होते, आणि त्याच्या जोरावर गव्हाची पोळी कागदासारखी पातळ लाटता येते, उचलता येते, उकळत्या पाण्यात सोडली तरी फाटत नाही. तांदळात हे जाळे तयार होत नाही. म्हणून तांदळाची भाकरी उकड काढून थापावी लागते, आणि कच्च्या पिठाचा पातळ थर तर आधाराशिवाय उचलताच येत नाही. पालघरचा किनारा आणि त्यामागचा वाडा, विक्रमगड, जव्हारचा मुलूख हा मुख्यतः भाताचा आहे. २०२१ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेला ‘वाडा कोलम’ हा तांदूळ याच जिल्ह्यातला आहे, आणि डोंगराकडच्या वरकस जमिनीत नाचणी व वरई होते. यांपैकी कोणत्याही धान्यात ग्लुटेन नाही. ज्या प्रदेशाच्या धान्याला स्वतःच्या बळावर थर होता येत नाही, त्या प्रदेशाने थरासाठी पानाचा आधार घ्यावा हे स्वाभाविक होते, आणि केळे हे केळवे-माहीमच्या वाड्यांचे जुने पीक असल्याने पानाचा तुटवडाही नव्हता.

या विचाराचे पुढचे पाऊल म्हणजे अळूवडी. पानगीत पान टाकून द्यायचे असते. अळूवडीत पान हाच खाण्याचा थर होतो. मोठी पाने उलटी ठेवून, त्यांच्या जाड शिरा लाटण्याने चेपून, बेसन, चिंच, गूळ व मसाला यांचे दाट मिश्रण पसरायचे, त्यावर उलट दिशेने दुसरे पान, पुन्हा मिश्रण, असे चार-सहा थर करून त्याची सुरळी वाफवायची, ही कृती महाराष्ट्रात सर्वत्र आणि सीमेपलीकडे गुजरातेत पात्रा या नावाने होते. चिंच किंवा कोकम घालण्यामागे केवळ चवीचा विचार नाही. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घशाला खाज सुटते, आणि आंबटाने व पुरेशा शिजवण्याने तो त्रास कमी होतो. वाफवलेली अळूवडी न तळता खाल्ली, तर ती पानांच्या थरांचा, तेलाविना शिजलेला आणि सुरीने कापून वाढण्याजोगा पदार्थ ठरते. लझानियाची व्याख्या धान्याचा उल्लेख वगळून केली, तर अळूवडी तिच्यात जवळजवळ बसते.

याच पट्टीतील पारशी घरांत होणारी ‘पात्रा नी मच्छी’ हीदेखील पानाच्याच कुळातली. ओले खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची व लसूण यांची चटणी पापलेटच्या तुकड्यांना दोन्हीकडून लावून, ते केळीच्या पानात बांधून वाफवतात. संजाण, बोर्डी, घोलवड, डहाणू ते तारापूर हा सारा किनारा पारशी वस्तीचा जुना मुलूख असल्याने, इराणी मूळ सांगणाऱ्या समाजाच्या ताटातही केळीचे पान अगदी मध्यभागी येऊन बसले.

हंडीचा थर

पान आणि बंद पोकळी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की उकडहंडी होते. थंडीत वालपापडीच्या शेंगा भरल्या, कंद खणून निघाले आणि वांगी, शेवग्याच्या शेंगा, रताळी बाजारात आली की पालघर, डहाणू व वसई या तालुक्यांत हा सामुदायिक स्वयंपाक घडतो. मातीच्या मडक्यात जाड कंद व रताळी खाली, शेंगा मध्ये आणि नाजूक भाजी वर, अशी रचना करतात. मधूनमधून हिरवे वाटण किंवा खोबरे, ओवा, मीठ असा मसाला पेरतात, आणि तोंड पानांनी व पाल्याने घट्ट बंद करतात. कोठे हे मडके चुलीवर मंद आचेवर ठेवतात, तर कोठे शेतात पालथे घालून त्याभोवती पेंढा, पालापाचोळा व गोवऱ्या यांचा जाळ करतात. दक्षिण गुजरातेतील उंबाडियुं आणि रायगडातील पोपटी हे तिचे सख्खे शेजारी होत.

या पदार्थाला उकडहंडी म्हणतात, भाजहंडी म्हणत नाहीत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जाळ मडक्याच्या बाहेर लागत असला, तरी आत पाणी न घालता भाज्यांच्या स्वतःच्या रसाची वाफ कोंडून त्यांना उकड दिली जाते; म्हणजे बाहेरून भाजणे आणि आतून उकडणे अशी ही दुहेरी क्रिया आहे. भाज्यांची मांडणीही शोभेसाठी नसून उष्णतेच्या हिशेबाने केलेली असते, कारण ज्याला जास्त शिजावे लागते त्याला जाळाजवळची जागा मिळते. बंद भांड्यात एकदा मांडलेला थर पुन्हा हलवता येत नाही, त्यामुळे स्वयंपाकाचे सारे शहाणपण मांडणीच्या वेळीच खर्च करावे लागते. लझानियालाही हाच नियम लागू पडतो.

भट्टीचे आगमन

स्वतंत्र बांधीव भट्टी मात्र या किनाऱ्यावर बाहेरून आली, आणि तिच्याबरोबर आंबवलेल्या गव्हाचा पाव आला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली, १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतले, आणि या दोन ठाण्यांमधील माहीम, केळवे, तारापूर व डहाणू ही बंदरे त्यांच्या ‘उत्तरेकडील प्रांता’त मोडू लागली. पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत उतरला. गव्हाचे पीठ आंबवण्यासाठी युरोपात वापरली जाणारी मद्याची साय येथे मिळत नव्हती. ती उणीव ताडी-माडीने भरून काढली, कारण झाडावरून काढलेला गोड रस काही तासांतच नैसर्गिक किण्वाने फेसाळू लागतो आणि तोच फेस पिठालाही फुगवतो. वसईच्या ख्रिस्ती समाजातील फुगे हा तळलेला पदार्थ याच आंबवण्याची आठवण टिकवून आहे.

चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला सुरुंग लावून घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले, आणि मे महिन्यात वसई पडल्यावर या किनाऱ्यावरील पोर्तुगीज अंमल संपला. वसई व साष्टी येथे ख्रिस्ती वस्ती मोठ्या प्रमाणात टिकली आणि तिच्याबरोबर पावाची सवयही टिकली. वैतरणेच्या उत्तरेकडे ती वस्ती विरळ असल्याने माहीम-तारापूरकडे तांदळाचेच राज्य अबाधित राहिले. पुढे तारापूरचा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे इनामात आला. मुंबई आणि सुरत यांना जोडणारा बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये पुरा झाला आणि पालघर, बोईसर, डहाणू ही गावे दोन मोठ्या बेकरी-शहरांच्या मधोमध आली : एकीकडे नानकटाईचे सुरत, आणि दुसरीकडे इराणी बेकऱ्यांची मुंबई.

भट्टी गावात किंवा शेजारच्या शहरात असली, तरी ती घरात मात्र नव्हती, आणि या एका गोष्टीने घरगुती स्वयंपाकाची दिशा ठरवली. लाकडावर तापवलेली मोठी विटांची भट्टी एका कुटुंबाला परवडणारी नसते. तिचा घुमट एकदा तापला की तासन् तास तापलेला राहतो आणि म्हणून ती धंद्याचीच वस्तू ठरते. महाराष्ट्रातील शहरांत आणि मोठ्या गावांत दिवाळीच्या सुमारास घरी मळलेल्या नानकटाईचे पत्रे बेकरीत नेऊन, दर पत्र्यामागे भाजणावळ देऊन ती भाजून आणण्याची जी चाल होती, ती याच विभागणीतून आलेली तडजोड होती. पीठ घरचे आणि आग बाजारची, अशी ती व्यवस्था होती. रोजच्या जेवणातील पदार्थ मात्र बेकरीत नेण्याजोगे नव्हते. ते पानाच्या, हंडीच्या आणि झाकणावरील निखाऱ्याच्या आधारानेच भाजले गेले.

थरांची दुसरी परंपरा

लझानियाचा स्वतःचा इतिहास भूमध्य समुद्राच्या गव्हाच्या प्रदेशात घडला. प्राचीन रोममध्ये लागानुम या नावाच्या पिठाच्या पातळ पत्र्या होत्या, आणि एपिकियस याच्या नावावर असलेल्या पाकग्रंथात अशा पत्र्या मांस-मासळीच्या सारणाबरोबर थराथराने रचण्याची कृती आढळते. चौदाव्या शतकाच्या आरंभी नेपल्सच्या दरबारी वर्तुळात लिहिल्या गेलेल्या ‘लिबेर दे कोक्विना’ या लॅटिन ग्रंथात आंबवलेल्या पिठाच्या पट्ट्या उकडून त्यावर किसलेले चीज व मसाले पेरून थर रचण्याची लझानियाची कृती दिलेली आहे. त्यात टोमॅटो नाही, कारण टोमॅटो अमेरिका खंडातून युरोपात पोहोचण्यास अजून दोन शतके अवकाश होता. ज्या सागरी उलाढालीने टोमॅटो इटलीला दिला, त्याच उलाढालीने पोर्तुगिजांमार्फत मिरची, बटाटा, काजू, पपई आणि अननस या किनाऱ्याला दिले. लझानियाचा लाल सॉस आणि उकडहंडीतील हिरवी मिरची ही या अर्थाने एकाच घटनेची दोन अपत्ये आहेत.

उत्तर इटलीत, विशेषतः बोलोन्या शहराच्या परिसरात, या पदार्थाला आजचे श्रीमंत रूप आले : अंडी घालून मळलेल्या आणि पालकाने हिरव्या केलेल्या पट्ट्या, मंद शिजवलेले मांसाचे सारण, लोण्यात मैदा परतून दुधाने दाट केलेला बेशामेल नावाचा पांढरा सॉस आणि जुने, कठीण चीज. हा सॉस म्हणजे भानोल्यातील तेलाचेच दुसरे रूप होय. भट्टीच्या कोरड्या उष्णतेत पट्ट्या वाळू नयेत म्हणून दुधाची व लोण्याची स्निग्धता त्यांच्याभोवती पसरलेली असते. गव्हाची पट्टी मराठी घरालाही सर्वथा अपरिचित नव्हती. उकळत्या वरणात कणकेचे तुकडे सोडून केलेली चकोल्या किंवा वरणफळे ही गहू खाणाऱ्या महाराष्ट्राची पास्ताच आहे. मात्र ती थरांत रचली गेली नाही आणि भाजलीही गेली नाही, कारण घरात भट्टी नव्हती.

अणुऊर्जेचा किनारा आणि घरातील भट्टी

भारत आणि अमेरिका यांच्यात १९६३ मध्ये झालेल्या करारानुसार तारापूर येथे जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने उभारलेले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये वीज देऊ लागले. ते भारतातील पहिले अणुवीज केंद्र होय, आणि त्याची वीज महाराष्ट्र व गुजरात यांच्यात समसमान वाटली जात असे. त्याच्या पाठोपाठ बोईसर-तारापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र उभे राहिले, रासायनिक, औषधी, कापड व पोलादी मालाचे कारखाने आले, आणि मच्छीमार, वाडवळ, वारली व पारशी यांच्या या मुलुखात देशाच्या सर्व भागांतून नोकरदार कुटुंबे येऊन वसली. केंद्राची तिसरी आणि चौथी अणुभट्टी २००५-०६ मध्ये सुरू झाली. त्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. म्हणजे या किनाऱ्यावर ‘भट्टी’ या शब्दाला बेकरी आणि दारू यांपलीकडचा तिसरा अर्थ मिळाला, आणि त्याची किंमत काही घरांनी आपल्या चुलींच्या जागेने चुकवली.

वसाहतीतील आणि इमारतींमधील घरांत चुलीची जागा आधी केरोसीनच्या स्टोव्हने व नंतर गॅसच्या शेगडीने घेतली, तेव्हा एक अनपेक्षित परिणाम झाला : निखाराच नाहीसा झाल्याने झाकणावर विस्तव ठेवण्याची सोय संपली. गॅसची आच पुन्हा केवळ खालून लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी ॲल्युमिनियमचा गोल विद्युत ओव्हन, कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ तापवून त्यावर डबा ठेवण्याची युक्ती, आणि पुढे टेबलावर मावणारी विद्युत भट्टी असे टप्पे मध्यमवर्गीय घरांनी ओलांडले. तरला दलाल यांच्या १९७४ मधील पहिल्या पुस्तकापासून शाकाहारी घरांत पांढऱ्या सॉसचे भाजलेले पदार्थ प्रतिष्ठा पावू लागले, आणि १९९१ नंतरच्या खुल्या बाजारात पास्ता, लझानियाच्या तयार पट्ट्या व पिझ्झाचे चीज लहान शहरांतील दुकानांपर्यंत पोहोचले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा ठाण्यातून वेगळा होऊन राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, तोपर्यंत हा पदार्थ या पट्टीत नवलाईचा राहिला नव्हता.

हलकेपणाचा हिशेब

मराठीत ‘हलका’ हा शब्द अन्नाच्या बाबतीत मुख्यतः पचनाशी निगडित आहे. आयुर्वेदातील गुरू आणि लघू या गुणांची ही लोकभाषेतील रूपे असून, जड म्हणजे पचायला वेळ घेणारे आणि हलके म्हणजे सहज पचणारे, असा त्यांचा अर्थ होतो. आजचा शहरी वापर त्यात उष्मांकांची भर घालतो. एक ग्रॅम स्निग्धांशापासून सुमारे ९ आणि पिष्ट किंवा प्रथिनापासून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, म्हणून पदार्थ हलका करण्याचा सर्वांत सरळ मार्ग स्निग्धांशातून जातो. पाच माणसांच्या लझानियासाठी अर्धा लिटर दूध आणि ५० ग्रॅम लोणी यांचा पांढरा सॉस धरला, तर लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असल्याने त्यातून ४० ग्रॅम, आणि ६ टक्के स्निग्धांशाच्या दुधातून सुमारे ३० ग्रॅम स्निग्धता येते. लोणी वगळून १.५ टक्क्यांचे डबल टोन्ड दूध वापरले आणि पीठ थंड दुधातच कालवून मग शिजवले, तर हे प्रमाण ७० ग्रॅमवरून सुमारे साडेसातवर उतरते. साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी, म्हणजे माणशी शंभराहून अधिक, केवळ या एका बदलाने कमी होतात.

मात्र स्निग्धांश काढला की ओलाव्याचा रखवालदारही जातो, आणि कागदावर हलका झालेला लझानिया ताटात कोरडा व चिवट उतरतो. येथे पानाची परंपरा उपयोगी पडते. काही पट्ट्यांच्या जागी दुधी, लाल भोपळा किंवा वांगे यांच्या पातळ चकत्या, अथवा उकळत्या पाण्यातून काढलेली पालकाची पाने घातली, तर पिष्ट कमी होते आणि त्या भाज्यांतून सुटणारी वाफ उरलेल्या पट्ट्यांना शिजवते. टोमॅटोचा सॉस थोडा पातळ ठेवावा लागतो, कारण कोरड्या पट्ट्या त्यातील पाणी शोषून घेतात. रिकोत्ता या इटालियन ताज्या चीजऐवजी घरचे, कमी स्निग्धांशाच्या दुधाचे मऊ पनीर चालते. सुरतेच्या पारशी परंपरेतील ‘टोपली नु पनीर’ हे याच प्रकारचे, लहान टोपल्यांत निथळवलेले ताजे चीज आहे. खमंगपणासाठी जुन्या, तीव्र चवीच्या चीजचा पातळ थर सर्वांत वर पुरतो, कारण जिभेला प्रथम भेटतो तो तोच थर. मग भांडे केळीच्या पानाने झाकून १८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत सुमारे अर्धा तास ठेवायचे, शेवटची दहा मिनिटे पान काढून वरची आच वाढवायची, आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे हात न लावता तसेच राहू द्यायचे, म्हणजे फुगलेले पिष्ट घट्ट होऊन थर सरळ कापले जातात.

या कृतीची जुन्या कृतींशी तुलना केली असता तिचा प्रत्येक टप्पा ओळखीचा निघतो. झाकलेला अर्धा तास ही उकडहंडी आहे, केळीचे पान ही पानगी आहे, भाजीच्या पानांचा थर ही अळूवडी आहे, आणि शेवटची वरची आच म्हणजे भानोल्याच्या झाकणावर वाढवलेला निखारा आहे. तेलाच्या परंपरेतून निघून पानाच्या परंपरेत येणे, असे या हलकेपणाचे वर्णन करता येईल. लझानिया या किनाऱ्यावर पाहुणा म्हणून आला, हे खरे. पण त्याचे वजन उतरवताना ज्या विद्येची गरज पडली, ती इथल्या भाताच्या खाचरांनी आणि केळीच्या वाड्यांनी फार आधी शिकवून ठेवली होती. तेव्हा तिला हलकेपणाचे नावही नव्हते, कारण तेल महाग होते आणि पान अंगणात मिळत होते.